टाटांची नोकरी की फिजिक्स? इंजिनिअरिंगनंतर होमी भाभांनी काय निवडलं

यवतमाळच्या दत्त चौकात किंवा पुसदच्या एखाद्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची पोरं जमली की एक विषय हमखास निघतो. पुढे काय? कुणाला पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलेलं असतं. कुणी गेटची तयारी करत असतो. आणि एखाद्याच्या डोक्यात पीएचडीचा विचार घोळत असतो, पण तो घरी सांगायची हिंमत होत नाही. घरी कापसाचे पैसे यायचे बाकी, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, त्यात अजून पाच वर्षं शिकतो म्हणायचं कसं?

याच पेचात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईचा एक मुलगा अडकला होता. त्याच्यासमोर तर थेट टाटांच्या पोलाद कारखान्यातली नोकरी होती, तीही घरच्यांनीच ठरवलेली. त्या मुलाचं नाव होमी जहांगीर भाभा. आज मुंबईत ज्यांच्या नावाने भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तेच हे. अणुशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांची पहिली पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची होती हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंजिनिअरिंग ते डॉक्टरेट हा प्रवास त्यांनी कसा केला आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, तेच आज बघू.

घर कसं होतं?

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते आणि टाटा समूहाच्या कामात त्यांचा सहभाग होता. आजोबा हॉर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. होमींची आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. जमशेदजींनी पाहिलेलं पोलाद कारखान्याचं स्वप्न जमशेदपूरला प्रत्यक्षात आणणारे ते हेच दोराबजी.

घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड भरपूर. होमी चित्रंही उत्तम काढायचे. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं मुंबईतलं शिक्षण झालं. १९२७ साली त्यांना इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात पाठवलं गेलं. याच कॉलेजात पूर्वी दोराबजी टाटा शिकले होते.

घरच्यांचा प्लॅन अगदी स्पष्ट होता. पोरगा केंब्रिजहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन येईल आणि जमशेदपूरच्या टाटा आयर्न अँड स्टील कंपनीत रुजू होईल. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिशनच्या आधीच प्लेसमेंट पक्की!

केंब्रिजला गेल्यावर गाडी रुळावरून घसरली

आता तो काळ कसा होता ते बघा. १९२८ साली केंब्रिजमधल्याच पॉल डिरॅक या तरुण शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनचं एक समीकरण मांडलं. त्यातून पुढे प्रतिकणांची, म्हणजे विरुद्ध विद्युतभार असलेल्या जुळ्या कणांची कल्पना निघाली. तिथल्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी अणूचं पोट फाडून आत काय आहे ते शोधत होते. क्वांटम सिद्धांत अजून ताजा होता आणि फिजिक्समध्ये दर काही महिन्यांनी काहीतरी नवं घडत होतं.

अशा ठिकाणी मशीन ड्रॉइंग आणि बॉयलरची गणितं सोडवणाऱ्या होमींचं मन तिकडे ओढलं गेलं नसतं तरच नवल.

ऑगस्ट १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी वडिलांना एक पत्र लिहिलं. ते पत्र पुढे खूप गाजलं. त्याचा सारांश असा: धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हा माझा पिंडच नाही, माझं क्षेत्र फिजिक्स आहे. मोठ्या कंपनीचा प्रमुख व्हावं अशी मला हौस नाही. ती हौस असणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांनी ते करावं. बीथोव्हनला कुणी शास्त्रज्ञ हो म्हटलं असतं तर त्याला काय अर्थ होता, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि शेवटी विनंती, मला फिजिक्स करू द्या.

पत्रात नुसतं रडगाणं नाही, हे लक्षात घ्या. इंजिनिअरिंग अवघड जातंय, होस्टेल आवडत नाही, प्रोफेसर नीट शिकवत नाहीत, असलं काही नाही. मला काय करायचंय आणि का, हे त्या मुलाने सरळ मांडलं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. काय नको ते आपण घरी दहा वेळा सांगतो, पण काय हवंय ते एकदाही धड सांगत नाही.

वडिलांनी टाकलेली अट

जहांगीर भाभांनी ना पोराला झिडकारलं, ना लगेच होकार दिला. त्यांनी एक अट घातली. आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो. मग गणिताचा ट्रायपॉस करण्यासाठी केंब्रिजमध्ये आणखी राहा, त्याचा खर्च मी देतो. (ट्रायपॉस म्हणजे केंब्रिजची पदवी परीक्षा. गणिताच्या ट्रायपॉसमधून सैद्धांतिक फिजिक्सकडे जाण्याची वाट होती.)

बापाच्या बाजूनेही विचार करा. पोराला खरोखर आवड आहे की दोन महिन्यांचं वेड, हे कसं ओळखायचं? नावडतं काम तो पहिल्या वर्गात पूर्ण करतो का, ही त्यासाठी बरी परीक्षा होती. शिवाय फिजिक्समध्ये जमलं नाही तर हातात इंजिनिअरिंगची चांगली पदवी राहील, जमशेदपूरचा दरवाजा उघडा राहील.

होमींनी अट मान्य केली आणि जवळजवळ दोन वर्षं, मन दुसरीकडे असताना, यंत्रांचाच अभ्यास केला. जून १९३० मध्ये मेकॅनिकलमध्ये पहिला वर्ग मिळाला. वडिलांनीही शब्द पाळला. १९३२ साली गणिताच्या ट्रायपॉसमध्येही पहिला वर्ग आला. डिरॅक यांच्याकडे शिकण्याची संधीही त्यांना याच काळात मिळाली.

डॉक्टरेट: पैसे कुठून आले?

आता आपल्या पोरांना सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा, पैसा.

भाभांचं घर श्रीमंत होतं, यात वाद नाही. पण संशोधन सुरू झाल्यावर त्यांनी शिष्यवृत्त्याही मिळवल्या. १९३२ मध्ये गणितातली राऊज बॉल प्रवास शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या जोरावर ते झुरिकला पाउली आणि रोमला फर्मी यांच्याबरोबर काम करून आले. त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये आला, विषय होता वैश्विक किरणांचं शोषण. त्या कामाचा १९३४ मध्ये आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती मिळायला उपयोग झाला. १९३५ साली राल्फ फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली, तेव्हा वय होतं पंचवीस.

त्यांनी नेमकं केलं काय, ते सोप्या भाषेत बघू.

भाभा स्कॅटरिंग: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे जुळे कण. वजन सारखं, विद्युतभार उलटा. हे दोन एकमेकांवर आपटले तर कोणत्या कोनात किती उडतील, याचं गणित भाभांनी १९३५ मध्ये मांडलं. आजही इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर घडवणाऱ्या महायंत्रांमध्ये कणांच्या टकरी किती दाट होतायत हे मोजायला हीच प्रक्रिया वापरतात. थोडक्यात, ती त्या यंत्रांची फूटपट्टी आहे.

कणांचा पाऊस: अंतराळातून येणारा एखादा अतिवेगवान कण हवेत शिरला की एकापासून दोन, दोनापासून चार अशी नव्या कणांची रांग लागते आणि जमिनीपर्यंत अक्षरशः कणांची सर येते. ही सर कशी तयार होते ते भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये दाखवून दिलं. हे लांबचं वाटतंय? वैश्विक किरणांमुळे तयार झालेला एखादा कण चिपमध्ये घुसला तर मेमरीतला शून्याचा एक होऊ शकतो. म्हणून विमानं आणि उपग्रहांचं इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या इंजिनिअरांना याचा हिशेब ठेवावाच लागतो.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. मग ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. सी. व्ही. रामन तेव्हा तिथे होते. भाभांनी वैश्विक किरणांवर संशोधन करणारा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपलं की परत केंब्रिज, असं त्यांच्या मनात होतं. पण इथल्या काही वर्षांत विचार बदलला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे प्रमुख सर सोराब सकलातवाला यांना प्रस्ताव पाठवला. भारतात मूलभूत संशोधनाची एक पहिल्या दर्जाची संस्था हवी. काही दशकांनी अणूपासून वीज बनू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता, म्हणजे अणुऊर्जा हा शब्दही सामान्य माणसाने ऐकला नव्हता!

ट्रस्टने होकार दिला. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपली टीआयएफआर, बंगळुरूला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

गंमत बघा. जमशेदपूरच्या नोकरीला नाही म्हणणारा मुलगा सोळा वर्षांनी टाटांच्याच पैशातून संस्था उभी करत होता. वाट बदलली, पण माणसं तुटली नव्हती.

न आवडलेलं इंजिनिअरिंग कामाला आलं

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. इथून पुढचं बरंचसं काम इंजिनिअरिंगचं होतं. जागा, इमारती, पंप, झडपा, कंट्रोल पॅनल, जड पाणी, शुद्ध धातू. कागदावर समीकरणं लिहिणारे मोठे शास्त्रज्ञ जगात कमी नव्हते. कारखाना कसा चालतो हेही समजणारा सैद्धांतिक शास्त्रज्ञ मात्र विरळा.

१९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्था सुरू झाली. तिथे अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, पण भट्टी आपल्या इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांनी बांधली.

इकडे टीआयएफआरमध्ये कॉम्प्युटर बनत होता. टिफ्रॅक नावाचं हे यंत्र १९६० मध्ये पूर्ण झालं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. हिशेब केला तर होतात १० केबी. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता! हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन यांनी अमेरिकेत आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग गणितात डॉक्टरेट. भाभांसारखीच वाट.

डॉक्टरेटशिवायही संशोधन: भाभांनी उघडलेला तिसरा दरवाजा

माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

भाभांना शेकडो शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर हवे होते. सगळ्यांना परदेशी पाठवून डॉक्टर करत बसायला वेळही नव्हता आणि पैसाही. म्हणून १९५७ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेत ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. ताज्या इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधरांना निवडायचं, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि थेट कामावर घ्यायचं. इंजिनिअरने फिजिक्स शिकायचं, फिजिक्सवाल्याने इंजिनिअरिंग.

डॉ. अनिल काकोडकर याच परंपरेतले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते १९६४ मध्ये ट्रॉम्बेत कामाला लागले. पीएचडी करून नव्हे, तर काम करता करता शिकत ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

म्हणजे बघा, स्वतः डॉक्टरेट निवडलेल्या माणसाने पुढच्या पिढीवर डॉक्टरेटची सक्ती केली नाही. नोकरी की संशोधन, हा पेचच ज्यात राहणार नाही अशी जागा त्याने तयार केली. हे ट्रेनिंग स्कूल आजही चालू आहे आणि गेटच्या स्कोअरवरूनही तिथे मुलाखतीला बोलावतात. २००५ मध्ये त्याच कुटुंबात होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट हे अभिमत विद्यापीठ आलं, त्यामुळे तिथे काम करता करता एमटेक किंवा पीएचडीही करता येते.

शेवट अर्ध्यावर

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभांचं वय होतं ५६. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. तारापूरची अणुवीज त्यांना बघता आली नाही, ती १९६९ मध्ये आली.

त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या वावरापर्यंतही येतो. ट्रॉम्बेत किरणोत्साराचा वापर करून पिकांचे नवे वाण तयार होतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत आलेला टीएयू-१ हा उडदाचा वाण विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट आधी मान्य करू. भाभांची आत्या टाटांच्या घरात होती, तुमची-माझी नाही. फिजिक्समध्ये अपयश आलं असतं तरी त्यांचं जेवण अडणार नव्हतं. वणी किंवा दारव्ह्याच्या मुलाचा हप्ता मात्र महिन्याला कापला जातो. म्हणून त्यांचा निर्णय जसाच्या तसा उचलू नका, त्यांनी तो कसा घेतला ते बघा.

१. हवंय ते लिहून काढा. घरच्यांना द्यायच्या आधी स्वतःसाठी एक पान लिहा. कोणत्या प्रश्नावर पाच वर्षं काम करायला आवडेल? पानभर लिहिता आलं नाही, किंवा फक्त प्लेसमेंट झालं नाही म्हणून पीएचडी डोक्यात आली असेल, तर थोडं थांबा.

२. हातातली पदवी नीट पूर्ण करा. भाभांनी नावडत्या विषयात पहिला वर्ग काढला. आजचा नियमही तेच सांगतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडी करायची तर साधारण ७५ टक्के गुण लागतात.

३. पैशाचा हिशेब कागदावर करा. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राची ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पाच वर्षांचे होतात २४ लाख. त्यातून कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायची रक्कम वजा करा. शेजारी हातातल्या ऑफरचा पाच वर्षांचा हिशेब मांडा. फेलोशिप नसलेली पीएचडी असेल तर दहा वेळा विचार करा.

४. घरच्यांशी मुदतीचा सौदा करा. जहांगीर भाभांनी अट घातली, मुलाने पाळली, मग बापाने शब्द पाळला. तुम्हीही म्हणू शकता, दोन वर्षं नोकरी करतो, कर्ज फेडतो, त्यानंतर मला अडवू नका. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीचीही सोय नियमांत आहे.

५. तिसरा दरवाजा शोधा. भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो, डीआरडीओ अशा ठिकाणी इंजिनिअरला पगारासह संशोधनाचं काम मिळू शकतं.

अठराव्या वर्षी लिहिलेल्या एका पत्राने भाभांची वाट बदलली हे खरं. पण त्या पत्रानंतरची दोन वर्षं ते मुकाट्याने मशीन ड्रॉइंग करत बसले होते, हेही तितकंच खरं. आज रात्री मोबाइल बाजूला ठेवा, एक कोरं पान घ्या आणि तुमचं पत्र लिहायला सुरुवात करा. बाबांना द्यायचं की नाही, ते उद्या ठरवा.